करदात्यांनी उभारलेले विद्यालय

एखाद्या देशाचा इतिहास लिहावयाचा झाला म्हणजे लेखकाची दृष्टी प्रथम लढायांकडे, तहांकडे व राजपुरुषांच्या चरित्रांकडे वळते. नगरपालिकेच्या सभांतून झालेले वाद, पट्टी वाढवावी की वाढवू नये याविषयीची कुरकुर, एखाद्या इमारतीच्या खर्चाचे अंदाजपत्रक हा सर्व मजकूर रुक्ष समजून दप्तरखान्यातील धुळीच्या स्वाधीन केला जातो. परंतु लोकसत्ता ही वस्तू प्रत्यक्ष व्यवहारात कशी असते हे ज्यास पाहावयाचे असेल, त्याने हीच धूळ झटकली पाहिजे. स्वातंत्र्य, समता इत्यादी शब्दांस टाळ्या देणे सोपे असते. त्या शब्दांसाठी स्वतःच्या खिशात हात घालण्याची पाळी आली म्हणजे मनुष्याची खरी परीक्षा होते. अशीच एक परीक्षा ९ जून १८४७ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या मतदारांनी दिली. प्रश्न एवढाच होता की, शहरातील सामान्यांच्या मुलांस उच्च शिक्षण विनामूल्य मिळावे म्हणून कररूपाने गोळा केलेल्या पैशातून एक विद्यालय बांधावे की नाही. पुढे ‘कम्युनिटी कॉलेज’ या नावाने स्थानिक कराच्या आधारावर जी विद्यालये त्या देशात गावोगाव निघाली, त्यांच्या इमारतींसाठी होणाऱ्या भांडणांचे मूळ या एका प्रश्नात सापडते. म्हणून त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगण्याचे योजिले आहे.

त्या काळचे न्यूयॉर्क आजच्यासारखे गगनचुंबी मनोऱ्यांचे शहर नव्हते. १८४० साली त्याची वस्ती तीन लाख बारा हजारांच्या घरात होती. १८५० च्या शिरगणतीत ती पाच लाख पंधरा हजारांवर गेली. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या गावाची काय त्रेधा उडत असेल याची कल्पना वाचकांनी करावी. १८३५ च्या डिसेंबरातील आगीने व्यापारी वस्तीचा मोठा भाग भस्म केला होता. १८३७ च्या आर्थिक संकटाने पेढ्या बुडविल्या होत्या. क्रोटन नदीचे पाणी नळांनी गावात आणण्याचे प्रचंड काम १८४२ साली एकदाचे पुरे झाले, पण त्यासाठी काढलेल्या कर्जाचे ओझे शहराच्या मानेवर होते. त्यातच आयर्लंडात बटाट्याचे पीक बुडून दुष्काळ पडला आणि अन्नास मोताद झालेली कुटुंबे जहाजे भरभरून बंदरात उतरू लागली. अशा स्थितीत नव्या कराची गोष्ट काढणाऱ्यास लोकांनी उंटावरचा शहाणा म्हटले असते, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते.

शिक्षणाची व्यवस्थाही नुकतीच कोठे मार्गास लागत होती. १८०५ पासून शहरातील गरीब मुलांच्या शाळा परोपकारी गृहस्थांच्या एका खासगी संस्थेकडे होत्या. त्या शाळांतील धार्मिक वळणासंबंधी कॅथॉलिक पंथीयांनी तक्रार केल्यावर मोठे रण माजले, आणि त्याची परिणती म्हणून १८४२ साली राज्याच्या कायद्याने लोकनियुक्त शिक्षणमंडळ अस्तित्वात आले. येणेप्रमाणे प्राथमिक शाळा लोकांच्या ताब्यात येऊ लागल्या. पण या शाळांतून तयार झालेल्या मुलाने पुढे जावे कोठे? शहरात दोन महाविद्यालये होती. एक १७५४ साली इंग्रज राजाच्या सनदेने स्थापन झालेले कोलंबिया, व दुसरे १८३१ साली निघालेले, ज्यास त्या वेळी न्यूयॉर्क शहराचे विश्वविद्यालय म्हणत. नाव शहराचे असले तरी कारभार खासगी होता. दोन्हींची फी सामान्य कारागिराच्या आवाक्याबाहेरची, आणि दोन्हीकडे लॅटिन-ग्रीक भाषांचे प्राबल्य. पाच लाखांकडे धावणाऱ्या त्या शहरात या दोन विद्यालयांतील विद्यार्थी मिळून काही शेकड्यांच्या पलीकडे जात नव्हते.

ही अडचण ज्याने हेरली तो गृहस्थ स्वतः कधीही महाविद्यालयाची पायरी चढला नव्हता. टाउनसेंड हॅरिस याचा जन्म १८०४ साली न्यूयॉर्क राज्यातील एका खेड्यात झाला. गावच्या शाळेत जे मिळाले तेवढ्यावर शिक्षण आटोपून तो कोवळ्या वयातच शहरातील एका दुकानात नोकरीस लागला. पुढे भावाबरोबर चिनी मातीच्या भांड्यांचा व्यापार करू लागला. परंतु विद्येची गोडी अशी की, धंद्यातून उरलेल्या वेळात त्याने फ्रेंच, स्पॅनिश व इटालियन भाषा आपल्या आपण हस्तगत केल्या. ज्यास पंगतीत बसावयास मिळाले नाही त्यासच पंगतीचे मोल अधिक कळते. १८४६ साली हा भांड्यांचा व्यापारी शिक्षणमंडळाचा अध्यक्ष झाला, आणि पुढच्याच वर्षाच्या प्रारंभी त्याने मंडळापुढे आपली योजना मांडली.

योजना थोडक्यात अशी होती. सार्वजनिक शाळांत शिकलेल्या मुलांसाठी शहराच्या खर्चाने एक वरिष्ठ विद्यालय काढावे. त्यात फी नसावी. प्रवेश परीक्षेने मिळावा, शिफारशीने नव्हे. त्यास ‘फ्री अकॅडमी’ असे नाव सुचविण्यात आले. फिलाडेल्फिया शहराने १८३८ साली सार्वजनिक खर्चाने वरिष्ठ शाळा उघडली होती, तेव्हा कल्पना अगदीच अश्रुतपूर्व होती असे नाही. पण हॅरिसची धाव शाळेपुरती नव्हती. त्यास पूर्ण महाविद्यालयीन दर्जाचे शिक्षण हवे होते. मार्च १८४७ मध्ये वर्तमानपत्रास लिहिलेल्या पत्रात त्याने आपला हेतू स्पष्ट केला. विद्यालयाची दारे सर्वांस मोकळी असावीत, श्रीमंतांची व गरिबांची मुले शेजारी शेजारी बसावीत, आणि त्यांच्यात भेद करावयाचाच तर तो उद्योग, सद्वर्तन व बुद्धी यांवरून व्हावा, असा त्या पत्राचा आशय होता.

अपेक्षेप्रमाणे विरोध झाला. विरोध करणारे सर्वच लोक स्वार्थी किंवा कोत्या मनाचे होते असे समजणे अन्यायाचे होईल. त्यांचे आक्षेप नीट मांडून पाहिले तर त्यांतले कित्येक आजही कोणत्याही नगरसभेत ऐकू येतात. पहिला आक्षेप कराचा: अंथरूण पाहून पाय पसरावे हा नियम गृहस्थास लागू आहे तसा नगरासही आहे, पाण्याचे कर्ज डोक्यावर असता विद्येची हौस कशाला? दुसरा आक्षेप असा की, शहरात दोन महाविद्यालये असून त्यांचीच बाके रिकामी पडतात. मग तिसरे काढून त्यांच्या पोटावर पाय आणण्यात शहाणपण कोणते? तिसरा आक्षेप अधिक वजनदार होता. मजुराचा मुलगा बाराव्या-तेराव्या वर्षी कामास लागतो, त्यास विशीपर्यंत पुस्तके घेऊन बसण्याची चैन कशी परवडणार? म्हणजे हे विद्यालय गरिबांच्या नावाने निघेल आणि त्याचा लाभ मात्र ज्यांना फी देण्याचे सामर्थ्य आहे अशांचीच मुले घेतील. चवथा आक्षेप याच्याच पोटातला: हजारो लहान मुले अजून प्राथमिक शाळेबाहेर रस्त्यावर हिंडत असता, पाया भरल्यावाचून कळस चढविण्याची ही घाई कशासाठी?

यांपैकी दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर इतिहासातच होते. खासगी म्हणविणारी ती महाविद्यालये राज्याच्या तिजोरीपासून सर्वस्वी अलिप्त होती असे नाही. १८१४ साली राज्याच्या विधिमंडळाने कोलंबियास एल्जिन नावाची वनस्पतिबाग देऊन टाकली होती. त्या वेळी ती गावाबाहेरची ओसाड जमीन होती. पुढे तिच्या आसमंतात शहर वाढले आणि विसाव्या शतकात तिच्यावर रॉकफेलर सेंटरच्या इमारती उभ्या राहिल्या. १९८५ साली विकून टाकीपर्यंत ही जमीन कोलंबियाच्या मालकीची होती व तिच्या भाड्याने त्या संस्थेची तिजोरी भरत होती. सार्वजनिक मालमत्ता मूठभरांच्या विद्यालयास दिली तर ते विद्येस उत्तेजन, आणि सर्वांच्या विद्यालयास दिली तर मात्र उधळपट्टी, हा न्याय फार वेळ टिकण्यासारखा नव्हता. तिसऱ्या व चवथ्या आक्षेपांची गोष्ट वेगळी. त्यांना तोंडी उत्तर देणे सोपे, पण खरे उत्तर अनुभवच देऊ शकत होता. तो काय मिळाला ते पुढे येईलच.

शहरास स्वतःच्या अधिकारात असा कर बसविता येत नव्हता. म्हणून शिक्षणमंडळाने ऑल्बनी येथील राज्य विधिमंडळाकडे अर्ज केला आणि ७ मे १८४७ रोजी कायदा मंजूर झाला. या कायद्यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. इमारत व तिचे सामानसुमान यांसाठी पन्नास हजार डॉलरांहून अधिक, आणि दरसाल चालू खर्चासाठी वीस हजारांहून अधिक रक्कम घेता येणार नाही, अशी मर्यादा त्यात घातलेली होती. आणि दुसरी, अधिक महत्त्वाची गोष्ट ही की, शहराच्या मतदारांचा कौल घेतल्यावाचून यातली एक कपर्दिकही खर्च करावयाची नव्हती. विरोधकांस वाटले असेल की, आता प्रकरण निकालात निघाले. आपण होऊन कर मागून घेणारा मनुष्य कोठे पाहिला आहे?

मतदान झाले. विद्यालयाच्या बाजूने १९,४०४ मते पडली व विरुद्ध ३,४०९. म्हणजे शंभरांतील पंचाऐशी मतदारांनी, कर द्यावा लागेल हे पूर्णपणे जाणून, होकार दिला. त्यांतील बहुसंख्य लोकांची स्वतःची मुले या विद्यालयात कधी पाऊल टाकतील की नाही याचा भरवसा नव्हता. सुतार, खाटीक, गाडीवान, किराणा दुकानदार अशा लोकांनी भरलेल्या शहरात हा कौल मिळाला, यावरून एक गोष्ट सिद्ध होते: सामान्य मनुष्य कराला भितो हे खरे, पण आपण ज्यात वाटेकरी आहो अशा वस्तूसाठी तो पैसा देण्यास तयार असतो. त्याचा राग कराच्या आकड्यावर असतो त्यापेक्षा अधिक, न विचारता घेतलेल्या करावर असतो.

परंतु या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासलेखकास शोभणार नाही. ‘लोकांचा कौल’ असे आपण म्हणतो, पण ते लोक कोण? स्त्रियांस मताचा अधिकार नव्हता. न्यूयॉर्क राज्यात तो त्यांना १९१७ साली मिळाला. गोऱ्या पुरुषास मत देण्यासाठी मालमत्तेची अट नव्हती, पण काळ्या पुरुषास अडीचशे डॉलरांची मिळकत दाखवावी लागे. ही अट १८२१ च्या राज्यघटनेने घातली होती आणि ती काढून टाकण्याचा प्रस्ताव १८४६ साली, म्हणजे या मतदानाच्या आदल्याच वर्षी, राज्याच्या मतदारांनी फेटाळून लावला होता. एका वर्षी समतेचा प्रस्ताव धुडकावणाऱ्या लोकांतूनच दुसऱ्या वर्षी विद्येची दारे सर्वांस उघडण्याचा कौल यावा, ही विसंगती मनुष्यस्वभावाची नेहमीची आहे. आणि ‘सर्वांस’ या शब्दात मुली नव्हत्या. त्यांच्यासाठी निराळी संस्था निघण्यास १८७० साल उजाडावे लागले, आणि मूळच्या विद्यालयातील सर्व शाखा स्त्रियांस मोकळ्या होण्यास १९५१.

आता इमारतीकडे वळू. लेक्सिंग्टन अॅव्हेन्यू व तेविसावी गल्ली यांच्या कोपऱ्यावर जागा घेण्यात आली. आज ते शहराचे मध्य आहे; त्या वेळी ती वस्तीची कड होती. आराखडा करण्याचे काम जेम्स रेनविक या स्थापत्यकाराकडे आले. तो अद्याप तिशी न उलटलेला तरुण असून स्वतः कोलंबियाचा पदवीधर व तेथील एका प्राध्यापकाचा पुत्र होता. ज्या संस्थेच्या मित्रमंडळींनी या विद्यालयास विरोध केला तिच्याच शिष्याने त्याची इमारत बांधावी, हा दैवाचा एक विनोदच म्हणावयाचा. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेची लाल दगडी इमारत याच सुमारास त्याच्या आराखड्याप्रमाणे उठत होती, आणि पुढे न्यूयॉर्कचे सेंट पॅट्रिकचे मोठे देवालयही त्यानेच रचिले. पण येथे त्याच्या हाती दगड नव्हता, विटा होत्या. आणि डोक्यावर पन्नास हजारांच्या मर्यादेची तलवार टांगलेली होती. त्याने फ्लँडर्समधील जुन्या नगरगृहांच्या धर्तीवर गॉथिक वळणाची, उंच उतरत्या छपराची व कोपऱ्यांवर बुरूज असलेली इमारत योजिली, आणि सर्वांत वरच्या मजल्यावर छपराखाली एक प्रशस्त सभागृह काढले. नगरगृहाचा नमुना सहज सुचला असो वा हेतुपूर्वक घेतला असो, तो समर्पक होता खास. मध्ययुगातील स्वतंत्र नगरांनी आपला स्वाभिमान नगरगृहाच्या रूपाने उभा केला. या नगराने तो विद्यालयाच्या रूपाने उभा केला.

काटकसरीची इमारत म्हणजे कोंदट व कुरूप इमारत असलीच पाहिजे, असा एक समज सार्वजनिक कामांत रूढ असतो. गरिबांच्या मुलांसाठी बांधावयाचे म्हणजे चार भिंती व वर पत्रा पुरे, असे बोलून दाखविले नाही तरी मनात असतेच. न्यूयॉर्कच्या या इमारतीने त्या समजास उत्तर दिले. कारागिराच्या मुलाने आत येताना मान वर करून पाहावे अशी ती होती. विद्येविषयी आदर उत्पन्न करण्याचे अर्धे काम कित्येकदा दरवाजाच करीत असतो.

जानेवारी १८४९ मध्ये विद्यालय उघडले. पहिले प्रमुख होरेस वेब्स्टर हे वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयाचे पदवीधर व गणिताचे अध्यापक होते. उद्घाटनप्रसंगी त्यांनी जे विचार मांडले त्यांचे सार असे होते की, हा एक प्रयोग आहे: सर्व लोकांच्या मुलांस उच्च शिक्षण देता येते की नाही, आणि वरिष्ठ दर्जाची विद्यासंस्था मूठभर विशेषाधिकारी लोकांच्या ऐवजी लोकमताच्या तंत्राने यशस्वीपणे चालविता येते की नाही, हे येथे ठरावयाचे आहे. ‘प्रयोग’ हा शब्द त्यांनी योजिला यात प्रामाणिकपणा होता. यशाची हमी त्यांनी दिली नाही.

प्रयोगाचे प्रारंभीचे फळ पाहता विरोधकांस ‘आम्ही म्हणत नव्हतो काय?’ असे विचारण्यास जागा होती. आरंभी दाखल झालेली मुले दीड-दोनशे होती. १८५३ साली पहिला पदवीदान समारंभ झाला तेव्हा पदवी घेणारे अवघे सतरा निघाले. बाकीचे मध्येच गळाले. कोणाचा बाप वारला, कोणास दुकानात जागा मिळाली, कोणास घरी चार पैसे नेऊन देणे भाग पडले असेल. फी माफ केल्याने विद्या फुकट होत नाही. मुलाच्या गेलेल्या मजुरीची किंमत घरास मोजावीच लागते. विरोधकांचा तिसरा आक्षेप तेवढ्यापुरता खरा ठरला. परंतु दोन-तीन वर्षे शिकून गेलेला मुलगा रिकाम्या हाताने गेला असेही नव्हे. या विद्यालयात प्राचीन भाषांच्या बरोबरीने फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश या अर्वाचीन भाषांस व शास्त्रविषयांस मान होता. लॅटिन-ग्रीक न घेताही विद्यार्थ्यास वरपर्यंत जाता येई. पेढीवर, कारखान्यात, गोदीत उपयोगी पडणारे ज्ञान घेऊन ही मुले शहरात मिसळली. १८६६ साली संस्थेचे नाव बदलून ‘न्यूयॉर्क शहराचे महाविद्यालय’ असे झाले.

आणि पुढच्या काळात या झाडास जी फळे आली त्यांनी लावणाऱ्यांची दृष्टी सार्थ ठरविली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व युरोपातून छळामुळे परागंदा झालेल्या ज्यू कुटुंबांची मुले या विद्यालयात आली. इतरत्र त्यांना पैशाची, आणि पुष्कळ ठिकाणी जातीचीही, आडकाठी होती. ऑस्ट्रियातून आलेल्या एका कुटुंबातला फेलिक्स फ्रँकफर्टर १९०२ साली येथून पदवीधर झाला व पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाला. पोलिओची लस शोधून काढणारा जोनास सॉल्क १९३४ सालचा येथलाच पदवीधर. १८४७ च्या त्या गाडीवानांनी व खाटकांनी जो कर दिला, त्याचे व्याज शंभर वर्षांनी जगभरच्या लेकरांस मिळाले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तथापि चवथा आक्षेप, पाया आधी की कळस आधी हा, अजून शिल्लक आहे. आणि त्याचे सर्वांत समर्थ रूप मराठी वाचकांस परके नाही. पुणे नगरपालिकेचे सभासद म्हणून ज्यांनी स्थानिक कारभार आतून पाहिला होता त्या जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन केले. सरकारचा बहुतेक वसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि त्याचा मोठा भाग वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. ज्याने पैसा दिला त्याचे मूल मात्र अक्षरशत्रू राहते, असा त्यांचा आरोप होता. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही त्यांची मागणी होती. वरवर पाहता फुल्यांचे म्हणणे न्यूयॉर्कमधील विरोधकांसारखे वाटेल. पण नीट पाहिले असता ते हॅरिसच्या बाजूचे ठरते. उच्च शिक्षणातून सरकारने अंग काढून घ्यावे असे फुल्यांनी म्हटले नाही. त्यांचा रोष होता तो देणारा एक व घेणारा दुसरा या व्यवस्थेवर. न्यूयॉर्कमध्ये कर देणाऱ्यास आधी विचारण्यात आले, आणि त्याच्याच शाळेतून आलेल्या मुलांसाठी दार उघडण्यात आले. दख्खनच्या रयतेस कोणी विचारले नव्हते, आणि तिच्या मुलांपर्यंत शाळाच पोचली नव्हती. पाया व कळस यांचे भांडण कृत्रिम आहे. खरा प्रश्न पायऱ्यांचा आहे. पायापासून कळसापर्यंत चढण्यास जिना असेल तर कळसावरचा खर्च पायास जाचत नाही. जिना नसेल तर तो कळस दुसऱ्याच्या देवळाचा होय.

रेनविकची ती इमारत आता नाही. विद्यार्थी वाढत गेले, जागा अपुरी पडली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाविद्यालय शहराच्या उत्तर भागातील टेकडीवर नव्या वास्तूंत गेले. जुनी इमारत १९२८ साली पाडण्यात आली. त्या जागी त्याच महाविद्यालयाच्या वाणिज्य शाखेसाठी सोळा मजल्यांची इमारत उठली. पुढे ती शाखा बरूक कॉलेज या नावाने स्वतंत्र झाली. म्हणजे इमारत गेली तरी ती जागा विद्येकडेच राहिली.

इमारतीहून महत्त्वाची वस्तू होती फीमाफी, आणि तिचा शेवट अधिक बोधप्रद आहे. १९६९ साली काळ्या व प्वेर्तोरिकन विद्यार्थ्यांनी महाविद्यालय बंद पाडून प्रश्न केला की, विद्यालयाभोवतालची वस्ती आमची, मग आत आमची मुले इतकी थोडी का? त्याच्या परिणामी १९७० पासून शहरातील वरिष्ठ शाळेतून उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकास नगराच्या विश्वविद्यालयात कोठे ना कोठे प्रवेश देण्याचे धोरण सुरू झाले. ‘सर्वांस’ या शब्दाचा अर्थ अखेर खरोखरीच सर्वांस असा झाला. पण पुरती पाच-सहा वर्षे लोटली नाहीत तोच १९७५ साली शहराचे दिवाळे वाजण्याची वेळ आली, आणि १९७६ मध्ये, म्हणजे त्या कौलानंतर एकशे एकोणतीस वर्षांनी, फी सुरू झाली. युद्धे आली, मंदी आली, तरी जी सवलत टिकली ती काळ्या व गरीब मुलांची रांग दाराशी लागताच संपावी, याला केवळ योगायोग म्हणावयाचे की काय, याचा निर्णय वाचकांनीच करावा. शहराची तिजोरी रिकामी होती हेही खरेच. पण तिजोरी रिकामी झाल्यावर प्रथम कोणत्या पेटीस हात घातला जातो, यावरूनच राज्यकर्त्यांच्या मनातील क्रम कळतो.

न्यूयॉर्कचा प्रश्न न्यूयॉर्कपुरता राहिला नाही. १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट गावी वरिष्ठ शाळेस जोडून दोन वर्षांचे सार्वजनिक महाविद्यालय निघाले. हॅरिसच्या योजनेनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९४७ साली, अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने गावोगाव अशी विद्यालये काढून पहिली दोन वर्षे विनामूल्य करावीत अशी शिफारस केली व ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ केले. १९४८ साली न्यूयॉर्क राज्याने त्यासाठी कायदा केला. त्यात चालू खर्चाचा एक तृतीयांश राज्याने, एक तृतीयांश स्थानिक संस्थेने व एक तृतीयांश विद्यार्थ्यांच्या फीतून भागवावा, आणि इमारतींचा खर्च राज्य व स्थानिक संस्था यांनी निम्मेनिम सोसावा, अशी वाटणी ठरली. बारकाईने पाहिले तर या वाटणीतच एक माघार आहे: १८४७ च्या कायद्यात विद्यार्थ्याच्या वाट्यास काही नव्हते. तरीही स्थानिक संस्थेचा हिस्सा कायम राहिला, आणि त्याबरोबर तो जुना वादही. नव्या इमारतीचा प्रश्न निघाला की जिल्ह्याच्या सभेत कोणी तरी उठतो व म्हणतो, रस्ते मोडले आहेत, कर आधीच भारी आहेत, मुले तर अर्ध्यातून सोडून जातात. हे सर्व खरे असते. १८४७ सालीही खरे होते.

टाउनसेंड हॅरिस विद्यालय उघडल्यावर थोड्याच काळाने न्यूयॉर्क सोडून समुद्रपर्यटनास निघाला. पुढे १८५६ साली तो अमेरिकेचा पहिला वकील म्हणून जपानात गेला, आणि १८५८ साली त्याने त्या देशाशी व्यापाराचा तह घडवून आणला. इतिहासाच्या ग्रंथांत त्याचे नाव येते ते या तहामुळे. तो तह केव्हाच रद्द झाला. पण त्या भांड्यांच्या व्यापाऱ्याने ज्या मतपेटीसाठी खटपट केली तिच्यातून निघालेली संस्था आजही हजारो मुलांस शिकवीत आहे. फरक एवढाच की, तहावर एकदा सही केली म्हणजे काम भागते. लोकांच्या विद्यालयावर मात्र प्रत्येक पिढीस, प्रत्येक अंदाजपत्रकाच्या वेळी, पुनः सही करावी लागते. एका पिढीने दिलेला कौल पुढच्या पिढीस बांधून ठेवीत नाही. तो एकदा मिळाला म्हणून निर्धास्त राहणारांनी १९७६ सालची आठवण ठेवावी. आणि तो मिळणारच नाही म्हणून निराश होणारांनी ९ जून १८४७ ची.